प्रमोशन कागदावर अडलं, आता दाद मागायची कुठं? फौजी अधिकाऱ्याच्या तक्रारीचा लांबचा रस्ता

गावात कुणाचा पोरगा लेफ्टनंट झाला की वेशीवर बॅनर लागतो. फेटा, हार, उघड्या जीपमधून मिरवणूक. पुढं तो कॅप्टन होतो, मेजर होतो, तेव्हाही सगळ्यांच्या मोबाइलवर स्टेटस दिसतात. मग पंधरा-वीस वर्षांनी तो सुट्टीवर येतो, पारावर बसलेले चुलते विचारतात, "काय रे, कर्नल कधी होणार?" आणि तो विषय बदलतो.

विषय का बदलला, हे घरच्यांनाही धड कळत नाही. "रिपोर्ट खराब गेला म्हणे", "साहेबाशी जमलं नाही म्हणे", एवढंच कानावर येतं. खरं काय झालेलं असतं? ज्याचं प्रमोशन नाकारलं गेलं त्याला दाद मागता येते का? येत असेल तर कुठं, किती दिवसांत, आणि हाती काय लागतं?

आपल्या जिल्ह्याला हा विषय लांबचा नाही. मुलं एनडीएत जावीत म्हणून राज्य सरकारनं १९७७ साली सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था सुरू केली, ती याच शहरात. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठणकडची कितीतरी पोरं दहावीनंतर तिथली परीक्षा देतात. साधा शिपाई म्हणून भरती होणारे तर गावोगावी आहेत, आणि आता अग्निवीर. तेव्हा फौजेतला कागद कसा चालतो, हे घरच्यांनीही समजून घेतलेलं बरं.

कुठपर्यंत आपोआप, कुठून पुढं निवड

आधी शिडी समजून घेऊ. लष्करात अधिकारी लेफ्टनंट म्हणून लागतो. २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर, १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल. हे टप्पे बहुतेकांना सेवेच्या वर्षांवर मिळतात. परीक्षा, तब्येत आणि शिस्त ठीक असली की झालं.

खरी गाळणी लागते ती कर्नलच्या पायरीवर. तिथून पुढं निवड मंडळ बसतं. कर्नलसाठी तीन नंबरचं, ब्रिगेडियरसाठी दोन नंबरचं, मेजर जनरलसाठी एक नंबरचं. वरच्या जागा कमी आणि उमेदवार जास्त, म्हणून चांगलं काम करणारेही मागं राहतात. एका अधिकाऱ्याचं नाव साधारण तीनदा विचारात घेतलं जातं. तिन्ही वेळा राहिलं तर नोकरी जात नाही, पण वरची वाट बंद होते. २६ वर्षं सेवा झाली की अशाला कर्नलचा हुद्दा मिळतो, पण तो सेवेच्या वर्षांवर मिळालेला असतो. निवडीतून आलेल्या कर्नलसारखी पलटणीची कमान त्यातून मिळत नाही.

फरक फक्त खांद्यावरच्या चिन्हांचा नाही. लष्करात कर्नल साधारण ५४ व्या वर्षी निवृत्त होतो, ब्रिगेडियर ५६ व्या, मेजर जनरल ५८ व्या, लेफ्टनंट जनरल ६० व्या. म्हणजे एक पायरी हुकली तर दोन वर्षांची नोकरी, तेवढा पगार आणि आयुष्यभराच्या पेन्शनचा आकडा हुकतो.

सगळा खेळ गोपनीय अहवालाचा

निवड मंडळासमोर माणूस उभा राहत नाही, त्याची फाइल येते. त्या फाइलचं बहुतेक वजन एका कागदावर असतं, तो म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल. फौजेत त्याला सरळ 'सीआर' म्हणतात.

हा अहवाल आधी थेट वरचा साहेब लिहितो. मग त्याच्या वरचा साहेब तपासून आपलं मत देतो, आणि त्याच्याही वरचा आपले गुण टाकतो. गुण ९ पैकी असतात. ऐकायला वाटतं, ९ पैकी ८ मिळाले म्हणजे चांगलंच की! पण बाकी सगळ्यांना ९ असतील तर तो ८ पुढं जाऊन नडतो. २००९ पासून लष्करानं निवडीत आकड्यांची पद्धत आणली. १०० पैकी ९५ गुण फाइलवरच्या मोजमापाचे, म्हणजे अहवाल, कोर्स, शौर्य पदकं वगैरे. मंडळातल्या सदस्यांच्या मताला उरले फक्त ५. वशिलेबाजी कमी व्हावी, हा हेतू चांगला होता. पण त्यामुळं एका साहेबानं एका वर्षी रागात दिलेला एक गुणही फार महाग पडायला लागला.

आणि हा अहवाल अधिकाऱ्याला पूर्ण दाखवला जात नाही. पहिल्या साहेबानं लिहिलेला भाग दिसतो. वरच्या दोघांनी काय लिहिलं, ते सहसा दिसत नाही.

इथं सरकारी नोकर आणि फौजी यांच्यातला फरक लक्षात घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली देव दत्त खटल्यात सांगितलं की, सरकारी कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालातली प्रत्येक नोंद त्याला कळवलीच पाहिजे, मग ती वाईट असो की चांगली. तलाठ्याला, ग्रामसेवकाला, शिक्षकाला त्याचा आधार मिळतो. पण त्याच निकालात कोर्टानं लिहिलं की हा नियम सैन्यातल्या लोकांना लागू नाही, त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी मेजर बहादूर सिंग खटल्याचा दाखला दिला. म्हणजे तहसील कचेरीतल्या कारकुनाला आपल्या अहवालात काय लिहिलंय ते कळण्याचा हक्क आहे, सीमेवरच्या मेजरला तो तेवढा नाही.

ज्याला चूक दिसतच नाही, तो ती दुरुस्त कशी करून घेणार? बहुतेकांना ती कळते निकाल लागल्यावर. यादीत नाव नसतं, तेव्हा माणूस मागं जाऊन शोधायला लागतो की कोणत्या वर्षी काय बिघडलं. तोवर तो साहेब निवृत्त होऊन कुठल्या कुठं गेलेला असतो.

सतरा वर्षांनी मिळालेला हुद्दा

महाराष्ट्रातलं अलीकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्याच्या प्रसाद पुरोहित यांचं. २९ सप्टेंबर २००८ ला मालेगावात स्फोट झाला, ६ जण गेले, शंभराच्या आसपास जखमी झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एटीएसनं पुरोहितांना अटक केली, तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला आणि ते पुन्हा नोकरीवर हजर झाले. ३१ जुलै २०२५ ला मुंबईच्या विशेष न्यायालयानं सातही आरोपींना निर्दोष सोडलं. त्यानंतर दोनच महिन्यांत, सप्टेंबर २०२५ मध्ये, पुरोहितांना कर्नल केल्याची बातमी आली.

खटल्याच्या निकालावर मतं वेगवेगळी आहेत. स्फोटात गेलेल्यांच्या नातेवाइकांनी उच्च न्यायालयात अपील केलं आहे, आणि न्याय मागण्याचा त्यांचाही हक्क आहे. तो विषय कोर्टाचा. आपण इथं फक्त प्रमोशनची बाजू पाहू.

फौजेत एखाद्यावर गंभीर प्रकरण चालू असेल तर त्याच्या नावावर 'डीव्ही बॅन' लागतो, म्हणजे शिस्त आणि दक्षता या कारणावरून बंदी. ती उठेपर्यंत माणूस वर सरकत नाही. नागरी खात्यांत अशा वेळी शिफारस सीलबंद पाकिटात ठेवतात आणि माणूस सुटला की पाकीट उघडतात. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ सालच्या जानकीरामन खटल्यात त्याचे नियम घालून दिले आहेत. नुसता संशय पुरत नाही, आरोपपत्र दिलेलं असावं लागतं. आणि माणूस पूर्ण निर्दोष सुटला तर कनिष्ठाला ज्या तारखेला बढती मिळाली, त्या तारखेपासून त्याचा विचार व्हायला हवा.

तत्त्व चांगलं आहे. पण २००८ ते २०२५ म्हणजे सतरा वर्षं. आदेशानं हुद्दा आणि पैसे मागच्या तारखेपासून देता येतील, पण मधल्या वर्षांत पलटण सांभाळली असती, त्यावर चांगले अहवाल मिळाले असते, त्यातून पुढची पायरी आली असती, हे कुठल्या आदेशानं भरून देणार? फौजेत पुढचं प्रमोशन मागच्या कामावर असतं. मधली वर्षं गेली तर पुढं मोजायला काही उरत नाही.

महिला अधिकाऱ्यांनी दाखवून दिलं, कागद कसा चुकतो

खटला नाही, बंदी नाही, शिस्तीचा प्रश्न नाही, तरीही कागदच चुकीचा मोजला गेला, असं घडतं का? घडतं, आणि ते सर्वोच्च न्यायालयात सिद्ध झालं आहे.

१७ फेब्रुवारी २०२० ला बबिता पुनिया खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं महिला अधिकाऱ्यांनाही कायमस्वरूपी कमिशन द्या, असा निकाल दिला. सरकारनं प्रक्रिया सुरू केली, पण बऱ्याच जणी त्यात नापास ठरल्या. मग लेफ्टनंट कर्नल नितीशा आणि इतर अधिकारी पुन्हा कोर्टात गेल्या. २५ मार्च २०२१ ला निकाल आला. तो वाचला की गोपनीय अहवालाचा खेळ कळतो.

कोर्टानं काय पाहिलं? या बायकांचे जुने अहवाल लिहिले गेले तेव्हा त्यांना कायम कमिशन मिळण्याची सोयच नव्हती. लिहिणाऱ्या साहेबाला माहीत होतं की यांचं पुढं काही होणार नाही. त्यामुळं अहवाल निष्काळजीपणे लिहिले गेले. पुढं तेच कागद पुरुष अधिकाऱ्यांच्या अहवालांसारखे धरून त्यावर पास-नापास ठरवलं. तब्येतीचंही तसंच. पुरुष अधिकारी पंचविशी-तिशीत ज्या वैद्यकीय निकषाला सामोरे गेले, तोच निकष या बायकांना चाळीस-पन्नाशीत लावला. नियम दिसायला सगळ्यांना सारखा होता, पण परिणाम अन्यायाचा झाला. कोर्टानं त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटलं.

कायम कमिशन मिळालं, मग प्रश्न आला कर्नलचा. जानेवारी २०२३ मध्ये १०८ जागांसाठी २४४ महिला अधिकाऱ्यांचा विचार करायला खास निवड मंडळ बसलं. ज्यांची निवड झाली नाही त्यांनी पुन्हा दार ठोठावलं. ३ नोव्हेंबर २०२३ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठानं सांगितलं की कोणत्या तारखेपर्यंतचे गोपनीय अहवाल मोजायचे याची जी रेघ लष्करानं ओढली, ती मनमानी होती आणि लष्कराच्या स्वतःच्या धोरणाशीही जुळत नव्हती. पंधरा दिवसांत मंडळ पुन्हा बसवण्याची कार्यवाही करा, असा आदेश झाला. आधी निवड झालेल्यांना धक्का लावला नाही.

कोर्टानं कुणालाही थेट कर्नल केलं नाही, हे नीट पाहा. कोर्ट म्हणालं, मोजमाप चुकलं, पुन्हा मोजा. अशा लढाईत जिंकलं तरी बहुतेक वेळा हाती हेच लागतं. आपल्या कायद्यात प्रमोशनचा हक्क नाही, प्रमोशनसाठी न्याय्य विचार होण्याचा हक्क आहे. वाईट अहवाल रद्द होतो, सुधारलेली फाइल मंडळापुढं जाते, आणि निवड झाली तर जुन्या बॅचप्रमाणे ज्येष्ठता मिळू शकते.

३० मे २०२५ ला खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणी. नाशिकला मुलींसाठी वेगळी सैनिकी पूर्वशिक्षण संस्थाही सुरू झाली आहे. आज गावातली जी मुलगी मैदानावर धावायचा सराव करते, तिची फाइल कशी मोजायची, याचं भांडण आधीच्या बायका कोर्टात लढून गेल्या आहेत.

दाद मागायच्या पायऱ्या

आता प्रत्यक्ष रस्ता. इथं घाई करून चालत नाही आणि उशीर करूनही नाही.

पहिली पायरी घरातलीच. फौजेतल्या फौजेत तक्रार करायची. अधिकाऱ्यासाठी लष्कर कायदा १९५० चं कलम २७ आहे. त्याखाली थेट केंद्र सरकारकडं वैधानिक तक्रार जाते. जवान, नाईक, हवालदार यांच्यासाठी कलम २६ आहे. त्यात वरच्या वरच्या अधिकाऱ्याकडं दाद मागता येते. तक्रारीत 'माझ्यावर अन्याय झाला' एवढं लिहून भागत नाही. कोणत्या काळाचा अहवाल, त्यात कोणता नियम मोडला, त्या काळात काय काम केलं, आधीचे आणि नंतरचे अहवाल कसे आहेत, हे मांडावं लागतं. दहा वर्षं उत्तम अहवाल, मध्ये एकाच साहेबाचा एक घसरलेला, आणि नंतर पुन्हा उत्तम, असं चित्र असेल तर तक्रारीत दम असतो.

दुसरी पायरी सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं ते स्थापन झालं आणि ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झालं. त्याआधी फौजीला थेट उच्च न्यायालयात रिट करावी लागायची आणि प्रकरणं वर्षानुवर्षं पडून राहायची. न्यायाधिकरणाचं मुख्य पीठ दिल्लीत आहे, महाराष्ट्रासाठी मुंबईत. एक न्यायिक सदस्य आणि एक सैन्यातला निवृत्त वरिष्ठ अधिकारी मिळून सुनावणी घेतात. नोकरीत असलेल्यानं जिथं नेमणूक आहे किंवा जिथं प्रकरण घडलं तिथल्या पीठाकडं जायचं. निवृत्त माणूस राहत्या ठिकाणच्या पीठाकडं जाऊ शकतो, म्हणजे आपल्याकडच्यांनी मुंबईला.

यात दोन मुदती पाठ करून ठेवा. तक्रारीवर शेवटचा निर्णय आला की त्यापासून ६ महिन्यांत न्यायाधिकरणात अर्ज गेला पाहिजे. आणि तक्रार देऊन ६ महिने झाले तरी उत्तरच आलं नाही, तर 'उत्तर येईल' म्हणून बसून राहायचं नाही. कायदा म्हणतो, तुम्ही घरातली वाट संपवली असं धरू. तिथून पुढच्या ६ महिन्यांत अर्ज करायचा. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण माफी देऊ शकतं, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. 'साहेब म्हणाले बघतो' हे कोर्टात सबळ कारण ठरत नाही.

तिसरी पायरी त्याच्या वरची. न्यायाधिकरणाच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, पण त्याची दारं अरुंद आहेत, सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा लागतो. मधली वाट उच्च न्यायालयाची. ती बंद आहे की उघडी, यावर बरीच वर्षं घोळ होता. मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की उच्च न्यायालयाचा रिटचा अधिकार काढून घेता येत नाही. साध्या फौजीसाठी हा मोठा दिलासा आहे, कारण दिल्लीचा खर्च सगळ्यांना पेलत नाही.

जन्मतारखेनं लष्करप्रमुखालाही सोडलं नाही

कागद दुरुस्त करायला उशीर झाला की काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण जनरल व्ही. के. सिंग यांचं. देशाचे लष्करप्रमुख, आणि भांडण जन्मतारखेचं.

त्यांच्या दहावीच्या दाखल्यावर तारीख होती १० मे १९५१. पण एनडीएसाठी पोरवयात भरलेल्या फॉर्मवर होतं १० मे १९५०. लष्कराच्या एका शाखेकडं एक तारीख, दुसऱ्या शाखेकडं दुसरी, आणि दोन्ही वर्षानुवर्षं तशाच चालल्या. लष्करप्रमुखाला तीन वर्षं किंवा वयाची ६२, यातलं जे आधी येईल तेव्हा निवृत्त व्हावं लागतं. १९५० धरलं तर मे २०१२, १९५१ धरलं तर मार्च २०१३. दहा महिन्यांचा फरक.

त्यांनी वैधानिक तक्रार केली. डिसेंबर २०११ अखेरीस संरक्षण मंत्रालयानं ती फेटाळली. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. कोर्टानं तक्रार फेटाळण्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं तेव्हा सरकारनं तो आदेश मागं घेतला, पण तारीख बदलायला सरकार तयार नव्हतं. शेवटी १० फेब्रुवारी २०१२ ला सिंग यांनी याचिका मागं घेतली. मधल्या प्रमोशनच्या वेळी त्यांनी १९५० हीच तारीख लेखी मान्य केली होती, हा मुद्दा त्यांना नडला. ३१ मे २०१२ ला ते निवृत्त झाले.

आपल्याकडं अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. आधारवर एक, दाखल्यावर दुसरी, भरतीच्या फॉर्मवर तिसरी, असं किती घरांत आहे ते ज्याचं त्यानं पाहावं. चार तारे लावलेल्या जनरलला शेवटच्या वर्षात तारीख बदलून मिळाली नाही, तिथं हवालदाराला निवृत्तीच्या तोंडावर कोण बदलून देणार? कागद दुरुस्त करायचा तर नोकरीच्या सुरुवातीला.

दुसरीकडं काय आहे, आपल्याकडं काय नाही

अमेरिकेत यासाठी वेगळं मंडळ आहे. लष्करी नोंदी दुरुस्त करणारं मंडळ, १९४६ च्या कायद्यातून आलेलं. त्यात बसणारे नागरी लोक असतात, वर्दीतले नसतात. सैनिक किंवा अधिकारी सांगतो, माझ्या फाइलमध्ये ही चूक आहे, हा अहवाल अन्यायाचा आहे. चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांत अर्ज करायचा, आणि न्यायासाठी गरज वाटली तर मंडळ ती मुदतही शिथिल करतं. नोंद दुरुस्त झाली की गरजेप्रमाणे खास निवड मंडळ बसतं आणि प्रमोशनचा पुन्हा विचार होतो. तिथंही सगळ्यांना न्याय मिळतो असं नाही, बरेच अर्ज फेटाळले जातात. पण 'फाइल दुरुस्त करा' एवढंच म्हणायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

आपल्याकडं असं वेगळं मंडळ नाही. पहिली तक्रार ज्या घराविरुद्ध आहे, तेच घर ती तपासतं. तिथं न्याय मिळतच नाही असं नाही, कितीतरी अहवाल तिथंच रद्दही होतात. पण तक्रारदाराला सगळा कागद दिसत नाही आणि निवृत्तीचं घड्याळ मात्र चालूच असतं. ५४ व्या वर्षी घरी जाणाऱ्या माणसाला ५३ व्या वर्षी मिळालेला न्याय किती उपयोगाचा?

लष्कराचीही एक बाजू आहे, तीही ऐकली पाहिजे. प्रत्येक अहवाल पूर्ण उघडा केला तर साहेब खरं लिहिणार नाहीत, सगळ्यांनाच ९ पैकी ९ देतील. हाताखालच्याशी रोज वाद होतील आणि हुकुमाची साखळी ढिली पडेल. लढाईत ज्याच्या शब्दावर पुढं जायचं, त्याच्याशी गुणांवरून भांडत बसणं परवडत नाही. हे म्हणणं खोटं नाही. पण त्यातून मधला मार्ग निघतो. अहवाल लिहिताना गोपनीय राहू द्या, पण ज्या नोंदीमुळं प्रमोशन अडलं ती नोंद निकालानंतर तरी माणसाला दाखवा. आणि तिची तपासणी त्या साखळीबाहेरच्या लोकांकडं द्या, ठरलेल्या दिवसांत निकाल लावायच्या अटीवर. याला पलटणीची शिस्त मोडत नाही.

घरच्यांनी काय करावं

आता अग्निवीरांकडं पाहा. २०२२ मध्ये योजना आली, पहिली पोरं त्या वर्षाच्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाली. ४ वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. कोण राहणार आणि कोण परत येणार, हे चार वर्षांच्या नोंदींवरच ठरणार. म्हणजे जो कागद आधी कर्नलच्या उंबरठ्यावर अडवायचा, तो आता एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी अडवणार आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी. दाखला, आधार आणि भरतीच्या कागदांवर नाव आणि जन्मतारीख एकच आहे का ते भरतीआधी पाहा. पोरगं नोकरीत असेल तर प्रत्येक कोर्स, शाबासकी आणि नेमणुकीच्या आदेशाची प्रत त्याच्याजवळ असू द्या. लष्करी गुपिताचा कागद मात्र घरी आणायचा नाही आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबात टाकायचा नाही. अहवालाचा जो भाग दाखवतात तो वाचूनच सही करायची. 'लग्नाची घाई आहे, सुट्टी निघून जाईल' म्हणून न वाचता केलेली सही पुढं गळ्यात येते. तक्रार दिली तर तारखेची पोच घ्यायची आणि त्याच दिवशी कॅलेंडरवर सहावा महिना खूण करून ठेवायचा.

लग्न झालं, मूल झालं की त्याची नोंद पलटणीत 'पार्ट टू ऑर्डर'नं होते. ती झाली का, बायकोचं नाव आधारप्रमाणेच लागलं का, हे विचारायचं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचा कागद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात असतो, महार रेजिमेंटचा मध्य प्रदेशात सागरला. नावातल्या एका अक्षरासाठी विधवा बाईला तिथपर्यंत पत्रव्यवहार करावा लागतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय प्रमोशनची केस लढत नाही, पण पेन्शन आणि नोंदींच्या पत्रव्यवहारात माजी सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना मदत करतं. तिथं जायला लाजू नये.

आणि घरातल्या फौजीनं 'माझं नाव यादीत आलं नाही' असं सांगितलं, तर 'तुझंच काहीतरी चुकलं असेल' म्हणून त्याला गप्प करू नका. चूक त्याची असेल किंवा कागदाची असेल, ते तपासल्याशिवाय कळत नाही. आणि तपासायला उशीर करून चालत नाही.